घाटाखालच्या तालुक्यात पूर आणि दरडीची इशारा यंत्रणा कशी उभारायची

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात नोंद होती ७३ मिमी. दोन्ही मोजमापं बरोबर होती, पाऊसच तसा पडला होता. सह्याद्रीच्या पायथ्याशी हा फरक याहून कमी अंतरात पडतो, कारण ढग घाटमाथ्यावर अडतात आणि एका खोऱ्यात कोसळतात तेव्हा शेजारच्या खोऱ्यात नुसती रिपरिप असते. त्यामुळे जिल्ह्याला मिळालेला रेड अलर्ट कितीही अचूक असला, तरी आज रात्री कुठली वाडी रिकामी करायची हे तो सांगू शकत नाही. ते सांगणारी यंत्रणा तालुक्यालाच उभारावी लागते.

हे मार्गदर्शन पोलादपूर, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर अशा तालुक्यांसाठी आहे, जिथे वर घाट, मध्ये उतारावरच्या वाड्या आणि खाली नदीकाठची बाजारपेठ अशी रचना आहे. ग्रामपंचायतींचा गट, तहसील कार्यालय किंवा स्थानिक संस्था यांपैकी कुणीही सुरुवात करू शकतं. मात्र तिघांपैकी एकालाच ती पुरी करता येणार नाही.

आधी वेळेचा हिशेब, मग यंत्रं

बहुतेक ठिकाणी काम उपकरणांच्या खरेदीपासून सुरू होतं आणि तिथेच फसतं. निधी मिळतो, स्वयंचलित हवामान केंद्र बसतं, उद्घाटन होतं. पडद्यावर आकडे दिसतात, पण अमुक आकडा आला की अमुक माणसाने अमुक करायचं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून शेवटच्या टोकापासून मागे या: वाडी रिकामी व्हायला प्रत्यक्षात किती वेळ लागतो?

समजा वाडीत ४० घरं आणि १८० माणसं आहेत, आणि निवाऱ्याची शाळा दीड किलोमीटरवर. आकडा कळल्यापासून निर्णय व्हायला १५ मिनिटं. दारोदार निरोप जायला २० ते ३०. कागदपत्रं, औषधं, म्हातारी माणसं, गुरं सोडणं यात अर्धा तास. पावसात, लहान मुलं घेऊन दीड किलोमीटर चालायला पाऊण तास. झाले दोन तास. यात निम्म्याची भर घाला, कारण पहिल्या खेपेला सगळे निघत नाहीत. म्हणजे तीन तास. ही तुमच्या वाडीची गरज. तुमची यंत्रणा तीन तास आधी सांगू शकली नाही, तर त्या वाडीपुरती ती निरुपयोगी आहे, मग यंत्र कितीही महाग असो.

आता नदीकडून किती वेळ मिळतो ते पाहा. पातळी मोजायची जागा बाजारपेठेच्या वर १८ किमीवर आहे आणि पुराचा लोंढा सेकंदाला अडीच मीटर, म्हणजे ताशी ९ किमी वेगाने उतरतो, असं धरा. हाती येतात दोन तास. गरज तीनची, मिळतात दोन. उरलेला तास घाटमाथ्यावरच्या पर्जन्यमापकातून काढावा लागेल, कारण पाऊस पडल्यावर पाणी ओढ्यातून नदीत येईपर्यंत तासभर किंवा अधिक जातो. त्याच्याही आधीची १२ ते २४ तासांची सूचना भारतीय हवामान विभागाच्या अंदाजातून मिळते. अंदाज, पाऊस, नदी हे तीन थर एकमेकांची जागा घेत नाहीत. अंदाज लवकर येतो पण ढोबळ असतो. नदीचा आकडा पक्का असतो पण उशिरा येतो.

हा हिशेब प्रत्येक वाडीसाठी वेगळा करा, एका कागदावर. पुढचे सगळे निर्णय त्याच कागदावरून निघतील.

कोण कुठे राहतं

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण भागांचे नकाशे आहेत आणि ते घ्यावेतच. पण यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. म्हणून उन्हाळ्यात, गवत सुकलेलं असताना, वाडीच्या वरचा उतार पायी फिरून पाहा. सोबत गुराखी आणि वाडीतली जुनी माणसं हवीत. उतारावर नवा रस्ता किंवा सपाटीकरण झालंय का, पाण्याची वाट वळवली आहे का, जुन्या दरडीचा ढीग कुठे आहे आणि त्यावर घरं बांधली आहेत का, हे टिपून घ्या.

पुरासाठी भिंतींवरच्या खुणा शोधा. २००५ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेषा कित्येक दुकानांत अजून दाखवतात. नदीची पातळी मोजायच्या पट्टीपासून पाचेकशे मीटरच्या आत असलेल्या घरांच्या जोत्यांची उंची गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पट्टीच्या शून्याशी जोडता येते. एक पारदर्शक नळी, दोन माणसं आणि एक दिवस, एवढं पुरतं. त्यापलीकडे हा उपाय फसतो, कारण वाहत्या नदीचा पृष्ठभाग सपाट नसतो, तो उताराबरोबर खाली जातो. लांबच्या आळ्यांसाठी एकाच पुराच्या खुणा वापरा: त्या दिवशी पट्टीवर इतकं होतं तेव्हा या आळीत पाणी पायरीला होतं, अशा जोड्या लावा.

घरांची यादी करताना माणसं दोनदा मोजा, एकदा जूनमध्ये आणि एकदा गणपतीच्या आधी. वर्षभर कुलूप असलेली घरं चाकरमान्यांनी भरली की वाडीची संख्या दुप्पट होऊ शकते. आलेल्यांपैकी अनेकांना पावसाळ्यातल्या वाटाही नीट ठाऊक नसतात.

पाऊस मोजणं

भारतीय मानकानुसार डोंगराळ, जास्त पावसाच्या भागात साधारण १३० चौ. किमीला एक पर्जन्यमापक असावा. राज्यात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं उभी आहेत, म्हणजे सरासरी दीडशे चौ. किमीला एक. संख्या वाईट नाही, जागा मात्र बहुधा मंडळाच्या गावात, खाली. तुम्हाला हवा आहे तो घाटमाथ्यावरचा पाऊस. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते, आणि उगमाचं ठिकाण दुसऱ्या जिल्ह्यात आहे. म्हणून नवीन मापकांपैकी निदान दोन पाणलोटाच्या माथ्यावर बसवा, जिल्ह्याची हद्द ओलांडावी लागली तरी. दोन अशासाठी, की एक बंद पडला तर दुसरा असतो, आणि दोघांत मोठी तफावत दिसली तर काय बिघडलंय ते कळतं.

सुरुवात साध्या हातमापकाने करा. हवामान विभागाच्या पद्धतीचा फायबरचा मापक, त्याची कड जमिनीपासून ३० सेंमी वर. जवळचं झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या दुपटीहून लांब असावी, चौपट असेल तर उत्तम. गच्चीवर बसवू नका, वाऱ्याने थेंब उडून जातात. बाटलीची क्षमता नीट तपासा, कारण कोकणात हीच चूक वारंवार होते. २०० चौ. सेंमी तोंडाच्या मापकात ४ लिटरची बाटली असेल तर ती २०० मिमीला भरते आणि पुढचा पाऊस वाहून जातो. नेमक्या त्याच दिवशी आकडा खोटा ठरतो. १० लिटरची बाटली ठेवा, ती ५०० मिमीपर्यंत पुरते, आणि जोराच्या पावसात दर तीन तासांनी मोजून रिकामी करा. रोजची नोंद सकाळी ८:३० ला, कारण देशभर दिवस तिथूनच मोजतात. वेळ बदलली तर तुमचे आकडे कुणाशीच जुळणार नाहीत.

स्वयंचलित मापकात बहुधा दोन कप्प्यांची छोटी डोलती वाटी असते. ती ठरावीक पाणी भरलं की कलंडते आणि प्रत्येक कलंडणं मोजलं जातं. तिची चाचणी स्वतः करता येते. तोंडाचा व्यास २०० मिमी असेल तर क्षेत्र ३१४ चौ. सेंमी, म्हणजे १ मिमी पाऊस = ३१.४ मिलि पाणी. वाटी ०.२ मिमीला कलंडणारी असेल तर ६२८ मिलि पाण्याला १०० वेळा कलंडायला हवी. सलाइनच्या नळीने हे पाणी निदान अर्ध्या तासात थेंबथेंब सोडा. ९५ ते १०५ या दरम्यान आकडा आला तर ठीक, नाहीतर वाटीखालचे स्क्रू जुळवा. घाईने ओतलं तर वाटी कलंडत असतानाचं पाणी निसटतं आणि मोजणी कमी भरते. प्रत्यक्ष ढगफुटीसारख्या पावसातही हेच होतं, हे ध्यानात असू द्या. तासाला १०० मिमीच्या पुढे हे यंत्र पाऊस कमीच दाखवतं. म्हणून शेजारी हातमापक कायम ठेवा.

यंत्र बंद पडतं ते बहुधा तीन कारणांनी. पहिलं, नरसाळ्यात पानं, शेवाळ, मुंग्या किंवा गांधीलमाशीचं पोळं. पाणी अडतं आणि धो धो पावसात यंत्र शून्य दाखवतं. शून्य पाऊस आणि माहिती नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पडद्यावर त्या वेगळ्या दिसल्याच पाहिजेत. म्हणून पाऊस नसला तरी यंत्राने दर १५ मिनिटांनी मी चालू आहे असा संदेश पाठवावा, आणि दोन संदेश चुकले की कुणाच्या तरी फोनवर ते कळावं.

दुसरं कारण वीज. पुरवठादार सोबत बहुधा ७ अँपिअर-तासाची बॅटरी देतात. यंत्र सरासरी ५० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवायची नसते, म्हणजे हाती साडेतीन. सूर्य दिसला नाही तर यंत्र तिसऱ्या दिवशी बंद, आणि जुलैत घाटात सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. १५ दिवस काढायचे तर १८ अँपिअर-तास लागतात, त्याची दुप्पट ३६, म्हणून ४० ची बॅटरी घ्या. खरेदीच्या अटींमध्ये नुसतं सौर पॅनेलसह असं लिहू नका; सूर्यप्रकाशाविना १५ दिवस चालणारं असं लिहा.

तिसरं कारण म्हणजे मोबाइल टॉवर. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असलेला मोडेम घ्या आणि आकडे यंत्रातही साठत राहतील याची खात्री करा. अर्थिंग १० ओहमच्या आत आहे का, ते मे महिन्यात, जमीन कोरडी असताना तपासा. कोकणच्या जांभ्यात पावसाळ्यात चांगलं वाटणारं अर्थिंग उन्हाळ्यात नापास होतं, आणि विजा तर पहिल्या पावसाआधीच कोसळतात.

नदीची पातळी

पुलावर इनॅमलच्या मीटरभर लांबीच्या पट्ट्या लावा, सेंटिमीटरच्या खुणा असलेल्या. खांबाच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येऊन आदळतो त्या बाजूला नकोत: तिथे पाणी फुगून चढतं आणि वाहत आलेली झाडं आदळतात. काठच्या भिंतीला लावणं चांगलं. शून्य उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या पाण्याच्याही खाली धरा आणि तो जवळच्या पक्क्या उंचीखुणेशी जोडून ठेवा. पूल दुरुस्त झाला, नवा बांधला, पट्टी वाहून गेली, की शून्य हलतो. ती जोडणी नसेल तर मागची सगळी वर्षं वाया जातात.

पट्टीशेजारी मोठ्या अक्षरांत, रात्री विजेरीच्या प्रकाशात चमकणाऱ्या रंगाने खुणा रंगवा. वाचणारा माणूस पुलावर जाऊन वाकता कामा नये, त्याला काठावरच्या सुरक्षित जागेवरून आकडा दिसला पाहिजे.

एकक लोकांच्या तोंडी असलेलं घ्या. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे पोरासोरांना पाठ असतं, सांगलीत आयर्विन पुलाच्या ४० आणि ४५ फुटांचं तसंच. त्या दोन शहरांत पुराचा निरोप झटकन समजतो, त्याचं निम्मं श्रेय या आकड्यांना आहे. समुद्रसपाटीपासूनचे मीटर कार्यालयाच्या वहीत राहू द्या, फलकावर नकोत.

स्वयंचलित मापनासाठी पुलावरून खाली पाहणारा रडार सेन्सर सर्वांत भरवशाचा. ध्वनिलहरींवर चालणारा स्वस्त असतो, पण तापमान, जोराचा पाऊस आणि कोळिष्टकांनी चुकतो. पाण्यात बुडवायचा दाबमापक आमच्या नद्यांच्या गाळात रुतून बसतो, तो टाळाच. कुठलाही असो, आजवरच्या सर्वोच्च पुराच्या वर किमान एक-दीड मीटर उंचीवर बसवा.

दोन गोष्टी नदीच्या पट्टीवर दिसत नाहीत. एक भरती. महाड आणि चिपळूणपर्यंत भरतीचा परिणाम पोचतो, आणि उधाणाच्या वेळी खाली जाणारं पाणी तुंबतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसांसाठी भरतीच्या वेळांचा तक्ता नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावा आणि भरतीच्या दोन तास आधीपासून इशाऱ्याची पातळी खाली आणा. दुसरी गोष्ट धरणं. कोयनेच्या वीजगृहांतून येणारं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत उतरतं. तुमच्या नदीवर असं काही असेल तर विसर्ग वाढवण्याआधी किती तास, कुणी, कुणाच्या फोनवर कळवायचं याचं लेखी पत्र मे महिन्यातच घ्या. क्यूसेक आणि घनमीटर यांचा गोंधळ होतो, म्हणून पत्रातच लिहा: १ घनमीटर प्रति सेकंद म्हणजे ३५.३ क्यूसेक.

दरडीचे आकडे कुठून आणायचे

जगभरच्या नोंदींवरून केन या संशोधकाने १९८० मध्ये दरडींसाठी पावसाचा एक उंबरठा मांडला, म्हणजे ज्याच्या पुढे दरडी पडू शकतात तो पाऊस. तीव्रता (तासाला मिमी) म्हणजे १४.८२ गुणिले कालावधीचा (तासांत) उणे ०.३९ वा घात. २४ तासांसाठी त्यातून सुमारे १०३ मिमी निघतात. घाटाखाली जुलैत इतका पाऊस वरचेवर होतो, म्हणजे हा उंबरठा उचलून लावला तर दर आठवड्याला वाडी हलवावी लागेल. महसूल खात्याची २४ तासांत ६५ मिमीची अतिवृष्टी तर पंचनाम्यांसाठी आहे, तिचा दरडीशी संबंध जोडू नका. हवामान विभागाच्या श्रेणीही (६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार) देशभरासाठी आहेत. उंबरठा तुमच्या उतारांचाच काढावा लागतो.

पद्धत सोपी पण किचकट आहे. तहसील कार्यालय, महावेध आणि पुण्याच्या हवामान विभागाकडून गेल्या १५-२० पावसाळ्यांचे रोजचे आकडे घ्या. एका रकान्यात त्या दिवसाचा पाऊस, दुसऱ्यात आदल्या दोन दिवसांसह तीन दिवसांची बेरीज, तिसऱ्यात पंधरा दिवसांची बेरीज, चौथ्यात त्या दिवशी कुठे दरड पडली का. चौथा रकाना भरणं सर्वांत कठीण. बांधकाम विभागाच्या रस्ते साफ केल्याच्या नोंदी, एसटीच्या बंद फेऱ्या, जुनी वर्तमानपत्रं आणि गावकऱ्यांची आठवण यांतून तो भरतो. मग तीन दिवसांची बेरीज आडव्या अक्षावर आणि दिवसाचा पाऊस उभ्या अक्षावर घेऊन ठिपके मांडा. दरडीचे ठिपके जिथून दाट होऊ लागतात, तिथे रेघ.

नमुन्यादाखल अशी रचना होऊ शकते. आकडे तुमच्या आलेखातून बदला:

पहिला इशारा: तीन दिवसांत २५० मिमी, किंवा हवामान विभागाचा ऑरेंज अलर्ट. तासातासाला मापन सुरू, फोन आणि विजेऱ्या चार्ज, शाळेची किल्ली हातात.

दुसरा इशारा: तीन दिवसांत ३५० आणि २४ तासांत १५०, किंवा रेड अलर्ट. आजारी, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं दिवसाउजेडी हलवायची.

तिसरा इशारा: तीन दिवसांत ४०० आणि २४ तासांत २००, किंवा तीन तासांत १००, किंवा जमिनीवर खूण दिसली. सगळे बाहेर.

स्थानिक इशाऱ्यांना पिवळा, केशरी, लाल अशी नावं देऊ नका. ते रंग हवामान विभागाचे आहेत, जिल्ह्याच्या पावसाबद्दल बोलतात. तुमचा लाल आणि त्यांचा लाल वेगळ्या दिवशी आले की लोक दोन्हींवर विश्वास ठेवणं सोडतात. पहिला, दुसरा, तिसरा पुरे.

ठरवलेले आकडे मागच्या दहा पावसाळ्यांवर लावून पाहा. तिसरा इशारा एका हंगामात दोन-तीनदापेक्षा जास्त वाजत असेल तर चौथ्यांदा कुणी उठणार नाही, आकडे वर न्या. आणि खऱ्या दरडीच्या दिवशी तो वाजतच नसेल तर खाली आणा. दोन्ही एकदम साधत नाही असं दिसेल, आणि ते तसंच असतं. तिथे ग्रामसभेनेच ठरवायचं, की फुकट गेलेल्या किती रात्री शाळेत काढायला वाडी तयार आहे.

पावसाच्या आकड्याची वाट न पाहता तिसरा इशारा द्यायच्या खुणा अशा: घराच्या भिंतीत किंवा अंगणात नवी भेग, दारं-खिडक्या अचानक अडकू लागणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होणं, भर पावसात ओढ्याचं पाणी अचानक कमी होणं. शेवटची खूण सर्वांत फसवी. पाणी ओसरलं म्हणून लोक घरी परततात, आणि वर मात्र दरडीने ओढा अडवलेला असतो. आधीपासून भेग असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना पोलादी मेखा ठोका आणि रोज टेपने अंतर मोजा. रोजची वाढ आदल्या दिवसापेक्षा जास्त होऊ लागली, तर पाऊस थांबलेला असला तरी माणसं हलवा.

संध्याकाळी पाचचा निर्णय

यंत्रणेच्या नियमांत एकच ठळक करायचा असेल तर हा: पावसाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता तीन आकडे पाहायचे. आतापर्यंतची तीन दिवसांची बेरीज, रात्रीचा अंदाज, नदीची पातळी. रात्रीत तिसरा इशारा येण्याची शक्यता दिसत असेल तर तो आला असं समजून उजेडातच हलवायचं. तुमच्या कागदावरचे तीन तास दिवसाचे आहेत. रात्री, वीज गेलेली, वाट निसरडी, अशा वेळी ते पाच होतात. इरशाळवाडीची दरड रात्रीच आली, आणि तिथे चढून जाण्याशिवाय रस्ता नव्हता.

हा निर्णय कोण घेणार हे नावानिशी लिहा, पहिला माणूस नसेल तर दुसरा, तो नसेल तर तिसरा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांच्याकडून आधीच लेखी घ्या, की अमुक आकडा आला आणि संपर्क तुटलेला असेल तर सरपंच किंवा पोलीस पाटील यांनी वरच्या आदेशाची वाट न पाहता वाडी हलवावी. या पत्राविना माणूस आकडा हातात धरून फोन लागण्याची वाट पाहत बसतो. उलट बाजूने, हवामानाचा अंदाज स्थानिक यंत्रणेने स्वतः काढून पसरवू नये. तो हवामान विभागाचा; तुम्ही मोजलेला पाऊस आणि त्यावर ठरलेली कृती एवढंच सांगायचं.

निरोप

भोंग्यावर फार विसंबू नका. मीटरभर अंतरावर १२० डेसिबलचा भोंगा १०० मीटरवर ८० आणि किलोमीटरवर ६० डेसिबलचा उरतो, तोही मोकळ्या हवेत. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना, दारं लावून झोपलेल्या माणसाला तो ऐकू जात नाही. देवळाच्या कर्ण्याचीही तीच गत. मोबाइलवर भ्रमणध्वनी मनोऱ्यांतून एकदम जाणारा मोठ्या आवाजाचा इशारा आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं सचेत अ‍ॅप उपयोगी आहे, पण टॉवर चालू असेपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपचा गट तर पहिला बंद पडतो.

म्हणून मुख्य साखळी माणसांचीच ठेवा. एका माणसाकडे आठ ते दहा घरं, प्रत्येकाला एक बदली. दार वाजवायचं, माणसाचा चेहरा पाहायचा, यादीवर खूण करायची. कोतवाल, आशा, अंगणवाडी सेविका, आपदा मित्र (आपत्तीसाठी प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक) यांतून ही माणसं मिळतात. वाडी आणि तालुका यांच्यामध्ये वायरलेसचे दोन संच ठेवा, परवाना घेऊन, आणि पावसाळ्यात रोज एका ठरलेल्या वेळी बोलून पाहा. मुंबईतल्या नातेवाइकांच्या फोनची यादीही करा. काही वेळा वाडीतला एखादाच फोन लागतो आणि तो लालबाग किंवा नालासोपाऱ्याहून लागतो.

निरोपाचे शब्द आधीच लिहून ठेवा. ‘सतर्क राहावे’ यातून कुणालाच काही कळत नाही. असा हवा:

‘तिसरा इशारा. वरची वाडी आणि गवळवाडी, आता निघा. जिल्हा परिषद शाळेत या. साकवावरून येऊ नका, देवळाच्या वाटेने या. गुरांची दावी सोडा. पुढचा निरोप रात्री ८ वाजता.’

गुरांचं वाक्य वगळू नका. माणसं मागे राहतात ती बऱ्याचदा गोठ्यासाठी. शाळेजवळ गुरं बांधायची जागा आणि दोन दिवसांची वैरण ठेवली तर निघणाऱ्यांची संख्या वाढते, आणि हा सगळ्या यंत्रणेतला सर्वांत स्वस्त भाग आहे. ‘पुढचा निरोप ८ वाजता’ म्हटलं असेल तर ८ वाजता निरोप गेलाच पाहिजे, सांगण्यासारखं काही नसलं तरी. नाहीतर लोक आपापला अंदाज बांधून परत जातात.

वर्षाचं चक्र

उपकरणांच्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला बाजूला काढा आणि तीन वर्षांची देखभाल खरेदीच्या करारातच घाला. जिल्हा नियोजन समिती, राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी आणि ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी यांतून पैसा उभा राहू शकतो. उद्घाटनाचा पैसा मिळतो, सिमच्या रिचार्जचा मिळत नाही. म्हणून रिचार्ज, बॅटरी आणि वाचकाचं मानधन यांसाठी वेगळं खातं ठेवा. हातमापक वाचणाऱ्याला मानधन न देता वर्षभर काम होईल अशी आशा धरू नका. ऑगस्टपासून आकडे घरी बसून लिहिले जातात, आणि सलग दिवसांचे आकडे पाच किंवा शून्यावर संपू लागले की ते ओळखू येतं.

मार्चमध्ये उतार फिरून याद्या ताज्या करा. एप्रिलमध्ये बॅटऱ्या, अर्थिंग आणि ६२८ मिलिची चाचणी. मेमध्ये दोन रंगीत तालमी, त्यातली एक रात्री, आगाऊ न सांगता; प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं लागली ते लिहून सुरुवातीच्या कागदावरचे अंदाज दुरुस्त करा. जूनपासून दर आठवड्याला नरसाळं साफ. गणपतीच्या आधी माणसांची पुन्हा मोजणी.

ऑक्टोबरात वही उघडा आणि चार रकाने करा: इशारा दिला आणि घडलं, दिला पण घडलं नाही, दिला नाही आणि घडलं, दिला नाही आणि घडलंही नाही. समजा तीन हंगामांत ८ घटना झाल्या आणि त्यांतल्या ६ च्या आधी इशारा गेला होता, तर पकड ७५ टक्के. दिलेले इशारे १० असतील तर ४ फुकट गेले, म्हणजे ४० टक्के. निसटलेल्या दोन घटनांचा माग काढा: पाऊस मापकापर्यंत पोचला नव्हता, आकडा पोचला पण कुणी पाहिला नाही, की पाहिला आणि निर्णय झाला नाही? पहिल्याला आणखी एक मापक लागतो, दुसऱ्याला पाळी लावणं, तिसऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्रातली दुरुस्ती. आकडे आणि कारणं दोन्ही नोव्हेंबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि पुढच्या वर्षीचा उंबरठा तिथेच ठरावात लिहून घ्या.